यादीतला शेवटचा उपकार

गेल्या पावसाळ्यात प्रार्थनेला बसले की माझ्या तोंडून एकच निघायचं, 'प्रभू, तू गेलास तरी कुठं?' आमच्या ह्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यात पाऊस नाही. पारनेरकडची आमची कोरडवाहू जमीन. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. डॉक्टर म्हणाले, बोलतील की नाही, सांगता येत नाही. तेव्हापासून मी त्यांच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं हळू, गोड बोलायला लागले. चहा सांडला तरी मी आपली 'राहू द्या' म्हणायचे. ते नुसते माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, माझा माणूस माझ्यादेखत लांब चाललाय.

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला प्रत्येक घर शेतातलं काहीतरी आणून चर्चमधल्या पुढच्या मेजावर ठेवतं आणि उभं राहून प्रभूचे उपकार मानतं. बऱ्या सालात ह्यांची यादी संपता संपायची नाही. "विहिरीला पानी हाय, उपकार. शेळीला दोन करडं झाली, उपकार. पोरगी नर्स झाली, उपकार." आणि शेवटी दरवर्षी, न चुकता, "ही माझ्यावर लई वरडती, त्याचेबी उपकार." सगळं चर्च खो खो हसायचं. घरी आल्यावर मी त्यांना चांगली फैलावर घ्यायचे. मेलं, चारचौघांत काय ते!

ह्या वर्षी मी जाणारच नव्हते. न्यायचं काय, बाजरीची करपलेली ताटं? पण सकाळी ह्यांनी डाव्या हातानं स्वतःच सदरा ओढून घेतला, म्हणून गेलो, रिकाम्या हातानं. खिडकीतून ऊन येत होतं. मेजावरच्या थोडक्या कणसांचा भुसा त्या उन्हात तरंगत होता, आणि सगळे आवाज झोपेत ऐकल्यासारखे लांबून येत होते. आमची पाळी आली. मी उभी राहिले आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. खरं सांगते, मनात उपकार नव्हतेच.

तेवढ्यात मागून मार्था आजींचा थरथरता आवाज आला. मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर त्या. "विहिरीला पानी हाय, उपकार." अहो, विहीर तर कोरडी ठाक! पण दुसऱ्या बाकावरून कुणी म्हणालं, "शेळीला दोन करडं झाली, उपकार." मग तिसरं, मग सगळेच. वर्षानुवर्षं हसता हसता ह्यांची यादी सगळ्यांना पाठ झाली होती, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. मुलीच्या नर्स होण्यापर्यंत आले आणि एकदम गप्प झाले. माझा मान राखून पुढचं कुणी म्हणेना.

त्या शांततेत माझ्या शेजारून जड, घोगरा आवाज आला.

"ही... लई... वरडती."

चार महिन्यांनी ऐकला मी तो आवाज. मटकन बाकावर बसले आणि रडले, लाजबीज काही उरली नाही.

पाठ असलेलं असं कधी कधी तोंडी येतं, असं डॉक्टर म्हणतात. असेल. मी काही वाद घालत नाही. चांगल्या दिवसांत ह्यांनी मानलेले उपकार प्रभूनं एवढ्या लोकांच्या मनात जपून ठेवले आणि माझी ओंजळ रिकामी होती तेव्हा परत दिले, एवढं मला पुरे आहे. बाकीचं मी त्याच्यावर सोडलंय.

विहीर अजून कोरडीच आहे. ह्यांचे शब्द पाच-सहा. परवा त्यांनी पुन्हा चहा सांडला, तोही धुतलेल्या चादरीवर. 'राहू द्या' अगदी ओठांवर आलं होतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. मग मी वरडले, पोटभर, चार घरं ऐकतील असं.

त्यांनी डोळे मिटले, हसले आणि म्हणाले, "उपकार."