दारुण

मी पदवीधर झालो तो आमच्या गावच्या पाटीलसरांमुळे; काही अडलं की अजूनही त्यांनाच विचारतो. पुढे बँकेने कोलकात्याला पाठवलं आणि बालीगंजच्या एका सभागृहात मी एक प्रयोगशील गिटारवादक ऐकला. तो तारांत कंगवा अडकवायचा, सूर जुळला की लगेच मोडायचा, स्वतःचीच रचना मध्येच बदलायचा. शेवटी लोक "दारुण, दारुण!" म्हणत निघून गेले. मला त्याची दया आली. मी म्हणालो, "दादा, दिल छोटा मत कीजिए. समझा नहीं, पर इतना बुरा भी नहीं था."

तो हसला. "बांग्ला में दारुण माने बहुत बढिया! सब यही बोलता है, दोबारा कोई आता नहीं. आज से बजाना छोड रहा था. आप क्या नहीं समझा?" मी उत्तर देण्याआधीच तो पुन्हा वाजवू लागला.

मी सरांना लिहिलं: "आदरणीय सर, इथला एक गिटारवादक शनिवारी पुन्हा वाजवणार आहे, केवळ मला समजावं म्हणून. नेमकं काय ऐकायचं असतं, तेवढं कळवा."