बिनघंटीचं मशीन

परवा मुलगी मला कॉम्प्युटर घ्यायला घेऊन गेली. घरात टेबलावर ठेवायचा मोठा. मी आठवणी लिहायला घेतल्यात आणि माझं अक्षर तिला लागत नाही, हे तिचं कारण. दुकानातला पोरगा मेमरी, स्क्रीन, गॅरंटी असलं काय काय सांगत होता. मी आपली एकेकाच्या बटणांवरून बोटं फिरवत होते आणि कान देत होते. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" मी विचारलं, "ओळ संपत आली की वाजतो का हा?" तो मुलीच्या तोंडाकडं बघायला लागला. मुलीनं माझ्यावर डोळे वटारले. आजी म्हणालेलंही मला काही आवडलं नव्हतं.

घरासाठी असलं मशीन निवडायची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी हीच पोरगी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि निवडणारे माझे सासरे होते.

आमचं गाव भूमपासून एसटीनं जवळ. माझा नवरा भूमच्या दूध संघात टायपिस्ट होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगावी डेअऱ्या निघाल्या, त्यातला हा संघ. आमच्या वस्तीतला हापिसात खुर्चीवर बसणारा तो पहिला माणूस. पोरगी चार महिन्यांची असताना त्याला कावीळ झाली. आधी गावात झाडपाला झाला, मग बार्शीचा दवाखाना झाला, आणि मग काहीच करायचं उरलं नाही.

मी रडले नाही. हे सांगते ते फुशारकी म्हणून नव्हे. रडू आलंच नाही. बायका माझे खांदे धरून हलवायच्या, "रड गं बाई, मोकळी हो, न्हायतर येडी हुशील." मी त्यांच्याकडं बघायची आणि मनात यायचं, हिच्या लुगड्याचा काठ उसवलाय. भाकरी थापली जायची, पोरीला पाजलं जायचं, पाणी भरलं जायचं. हे सगळं कोण करतंय ते मला ठाऊक नव्हतं. हात माझे होते एवढं खरं.

बुद्धवंदना घेऊन त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसकार्य, झालं आणि संघाचे मॅनेजर घरी येऊन गेले. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं सरकारी. म्हणाले, "यांची जागा घरच्या माणसाला देता येईल. बाई मॅट्रिक आहेत, चांगलंच आहे. पण मराठी टायपिंग आलं पाहिजे. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढं माझाही इलाज नाही, चेअरमनच्या भावकीतलं एक पोरगं वाट बघत बसलंय." विहीर आटलेली, सासू गुडघ्यानं बसलेली, सासऱ्यांचं वय झालेलं, आणि झोळीत ही. ती जागा मिळाली तर आमचं घर उभं राहणार होतं. नाही मिळाली तर पोरीला घेऊन ऊसतोडीच्या टोळीत जायचं, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं. मला मात्र दोन्ही सारखंच वाटत होतं.

टायपिंगचा क्लास बार्शीला. अंगावर पिणारं पोर घेऊन रोज एसटीनं कोण जाणार? सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला. मग सासूला म्हणाले, "तिला सांग, मशीनच घरी आणू."

"तिला सांग" म्हणजे मला. मी तिथंच, दोन हातांवर, चुलीपाशी होते. पण आमच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. मीही पदर पुढं ओढून सासूलाच म्हणायचे, "मामांना विचारा, भाकरी वाढू का?" आणि मामा भिंतीला सांगायचे, "वाढ म्हणावं." लग्नाला दोन वर्षं झाली होती, आमचा एक शब्द थेट झाला नव्हता.

आता मामांचं सांगायचं तर त्यांना अक्षर येत नव्हतं, पण बैल कळायचा. पंचक्रोशीतली माणसं बैल घ्यायला निघाली की मामांना संगं न्यायची. स्वतःची जोडी दुष्काळात गेली, त्यानंतर दावणीला बैल आला नाही. तरी भूमच्या बाजारात जाऊन दुसऱ्यांचे बैल पारखून द्यायचे. तेव्हा टायपिंगचं मशीन घ्यायला मामा निघाले ते बैल घ्यायला निघाल्यासारखेच. धोतर धुतलेलं, खांद्यावर कोरं उपरणं, सासूनं दिलेली शिदोरी. मागं मी, पोर घेऊन.

बार्शीत एका बोळात जुनी मशिनं दुरुस्त करून विकणारे एक चाचा होते. त्यांनी मराठीची तीन मशिनं पुढं मांडली. मामांनी तिन्हींभोवती फेरी मारली. एकाच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्याला मागून उचलून वजन बघितलं. तिसऱ्याची बटणं वाकून, दात बघावेत तशी बघितली. चाचा हसू दाबत म्हणाले, "बाबा, चालवून बघा की." मामा भिंतीकडं बघून म्हणाले, "चालवून बघ म्हणावं." तिथं सासू नव्हती, म्हणून भिंतच.

मी तिन्हींवर बोटं मारली. मला काय कळत होतं, कप्पाळ! पहिलं खडखड वाजायचं. दुसरं त्याहून जास्त. तिसरं जुनं होतं, पण आवाज दबका, मऊ. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि तिसऱ्यावर हात ठेवला. "हे गरीब हाय," म्हणाले. मारका नसलेल्या बैलाला आमच्याकडं गरीब म्हणतात.

चाचा प्रामाणिक. म्हणाले, "घ्या, पण याची घंटी गेलीय. उद्यापर्यंत थांबा, बसवून देतो."

"नको," मामा म्हणाले. "घंटी कशाला? घुंगरं हौसंला बांधत्यात, कामाला न्हाय. आमच्या घरात आवाज नको आता. म्हातारी दचकती. आणि गाव काय म्हनंल, पोरगा गेला आन् सून घंट्या वाजवती?"

चाचांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि मशीन पुसायला घेतलं. घंटी म्हणजे सायकलला असते तशी काहीतरी असेल, असं मला वाटलं. विचारायचं सुचलं नाही. त्या दिवसांत मला काहीच विचारावंसं वाटत नसे.

मग मामांनी उपरणं काढून चाचांच्या हातावर टाकलं आणि खाली स्वतःचा हात घातला. बैलबाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, तोंडानं आकडा कुणी बोलत नाही. चाचा आधी गांगरले. मग त्यांना गंमत वाटली असावी, तेही बोटं दाबायला लागले. दोघं म्हातारे एकमेकांच्या डोळ्यात बघत, तोंड मिटून, उपरण्याखाली भांडत होते. काय ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही.

घरी पोचलो तर सासू दारात तांब्या घेऊन उभी. नवा बैल आला की त्याच्या पायावर पाणी घालतात. ती तांब्याकडं बघे, मशिनीकडं बघे. "ह्येला पाय कुठं हायत?" म्हणाली. मामा म्हणाले, "घाल उंबऱ्यावर." तिनं उंबऱ्यावर घातलं. शेजारीण फिदीफिदी हसली. मला हसूही आलं नाही.

बुद्धाच्या तसबिरीखाली, पोत्याची चौघडी करून त्यावर मशीन ठेवलं. एक जुनं पुस्तक चाचांनी दिलं होतं, कुठलं बोट कुठं मारायचं एवढंच त्यात. मी दुपारी भांडी झाली की बसायचे. ओळ कुठं संपवायची ते कळायचं नाही, शब्द कागदाबाहेर जायचे. मग एक दिवस ट्रंकेत टिकल्यांचं पाकीट सापडलं. मला आता त्यांचा काय उपयोग? एक लाल टिकली काढून कागदापुढच्या पट्टीवर चिकटवली. तिथं आलं की दांडी ओढायची आणि नवी ओळ धरायची. सासूनं ती टिकली बघितली आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी पुढची ओळ घेतली.

मामा बाहेर ओट्यावर चऱ्हाट वळत बसायचे. आत माझी बोटं चालली की त्यांचे हात चालायचे. मी थांबले की तेही थांबायचे. हे मला सासूनं सांगितलं. "तुजा हात आता एका लयीत पडतोय म्हनत्यात," म्हणाली.

दिवाळीच्या आधी बोलावणं आलं. मामा बरोबर आले. चेअरमनच्या भावकीतलं पोरगं बाहेर बाकावर बसलं होतं, केसाला तेल, खिशाला पेन. माझ्यानंतर त्याची पाळी. मामा त्या बाकावर बसले नाहीत, दाराशी उकिडवे बसले.

आत मला नवऱ्याच्या खुर्चीवर बसवलं. त्याच्याच मशिनीपुढं. गादीचा कोपरा त्याच्या बसण्यानं दबलेला होता. मला काही वाटलं नाही. मॅनेजरांनी समोर एक छापील परिपत्रक ठेवलं. त्यांच्या टेबलावर शिपायाला बोलवायची पितळी घंटी होती. घड्याळ बघून म्हणाले, "हे उतरवायचं. घंटी वाजली की हात उचलायचा. करा सुरू." आणि खिडकीशी आलेल्या दूधवाल्याशी फॅटवरून वाद घालायला लागले.

मी सुरू केलं. बटणं कडक होती, पण बोटं चालली. पहिली ओळ संपत आली आणि घंटी वाजली. टिंग.

मी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

एवढ्यात झालं? मनात आलं, असेल बाई, यांची वेळ एवढीच असेल. एका ओळीत काय जागा मिळणार? गेली. जाऊ दे. ऊस तर ऊस. मान खाली घालून मी बसून राहिले. खिडकीशी वाद चालूच होता. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "पोरी, का थांबलीस?"

मामा उभे होते. टोपी हातात, पाय उंबऱ्याबाहेर. भिंतीला नाही, मला विचारत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. पदर ओढायचंही मला सुचलं नाही.

"घंटी वाजली न्हवं, मामा."

मॅनेजर वळले. आधी मामांवर खेकसणार होते, मग त्यांनी माझे मांडीवरचे हात बघितले, कागदावरची एकच ओळ बघितली. "अहो बाई! काय म्हणावं तुम्हाला! ती मशिनीची घंटी. ओळ संपत आली की वाजते. प्रत्येक ओळीला वाजते. माझी घंटी ही इथं आहे, ही!" बाकावरचं पोरगं खो खो हसलं. मॅनेजर घड्याळ बघून म्हणाले, "वेळ चाललाय. मी काही थांबवू शकत नाही."

मी मामांकडं बघितलं. नको म्हणाले होते ती घंटी कुठली, ते त्यांना कळलं होतं. तोंड असं झालं होतं की मला बघवेना. "वड पोरी," म्हणाले. "वड म्होरं. म्या हाय हितं."

मी दांडी ओढली. दुसरी ओळ. टिंग. तिसरी. टिंग. आणि चौथ्या ओळीला माझ्या ध्यानात आलं की हा आवाज त्याच्या कानात रोज होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ओळीओळीला. घरी आल्यावर जेवताना तो ताटाच्या काठावर बोट मारायचा, टिंग करून, आणि मग पाणी मागायचा. मी म्हणायचे, काय सवय ही, अन्नावर टिचक्या मारायची! तो हसायचा. कधी सांगितलं नाही की हे काय आहे. मीही विचारलं नाही.

मग जे आलं ते आलं. मी रडत होते आणि बोटं चालत होती. नाकातनं पाणी, डोळ्यातनं पाणी, समोरचं परिपत्रक दिसेना. घंटी वाजली की दांडी ओढायची. पुन्हा वाजली की पुन्हा ओढायची. टिकली नव्हती तिथं, लागलीही नाही. मॅनेजर खिडकी सोडून उभे राहिले होते. त्यांनी त्यांची घंटी वाजवली तेव्हा मला ती ऐकू गेली नाही, हात धरून थांबवावं लागलं.

जागा मला मिळाली. त्या पोराचं केसाचं तेल जास्त आणि बोटांचा वेग कमी, असं मॅनेजर नंतर म्हणाले. पण मला वाटतं, त्यांनी बाहेर उंबऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडंही बघितलं असावं. मी त्याच खुर्चीवर निवृत्त झाले.

घरी येऊन सासूच्या मांडीवर डोकं ठेवून मी सगळं सांगितलं. ताटाची टिचकी, घंटी, सगळं. मामा ओट्यावर होते. चऱ्हाट वळायचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन जागेवर नव्हतं. मामा ते पोत्यात बांधून, डोक्यावर घेऊन पहिल्या एसटीनं बार्शीला गेले होते. सासू म्हणाली, "आता कशाला गं? आता तर तुला हापिसात हाय की मशीन." मलाही कळेना. उन्हं कलली तेव्हा परत आले. आल्या आल्या मशीन पोत्यावर मांडलं आणि पुढं मांडी घालून बसले. एक बोट काढलं आणि एकाच बटणावर मारत राहिले. कुठलं अक्षर आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. एक, एक, एक, सावकाश. गाडा सरकत सरकत गेला आणि टिंग झालं.

ते थांबले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, ती दांडी कशी वडायची? म्हंजी पुन्यांदा वाजंल."