रीटाबायने दोर कापले ती सकाळ

रीटाबायने आमच्या पोटावर पाय दिला होता.

आज पहाटे ती गेली. हार्ट अटॅक. मी माणिकपूरला आमच्या गाळ्याबाहेर बसून हे टाईप करतोय. शटर उघडायची हिंमत होत नाहीये.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाय माझी मालकीण. उंच बिल्डिंगच्या काचा दोरावर लटकून बाहेरून धुवायच्या, हा आमचा धंदा. तो उभा केला तिच्या नवऱ्याने, सायमन अंकलने. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अंकल गेले. तोवर फक्त बिलं बनवणारी बाय मालकीण झाली.

तिला मॅडम म्हटलेलं आवडायचं नाही. आम्ही सगळे आईसारखं अगं-तुगं करायचो.

पण धंदा उरला होता कुठे?

अंधेरीची ऑफिसं उघडली, माणसं मात्र घरूनच काम करत राहिली. कंपन्यांनी मजलेच्या मजले सोडले. एका मॅनेजरने बायला फोनवर सरळ विचारलं, "आत बसायलाच कोणी नाही, तर काच पुसून घेऊ कोणासाठी?"

त्या दिवसांत बाय स्कूटरवरून आमच्या घरी यायची. निर्मळला तिच्या भावाची वाडी आहे, तिथली केळी, वांगी, वालाच्या शेंगा. पिशवी दारात ठेवायची आणि निघायची. चहालाही थांबायची नाही.

मग काम आलं, पण एजंटमार्फत. रेट पाडलेला.

या सगळ्यात दोर बदलायचे राहून गेले. "पुढच्या बिलावर घेऊ" म्हणत म्हणत.

ती सकाळ विरारची. नवा टॉवर. पझेशनच्या आधी सगळ्या काचा चकाचक हव्या होत्या. हे नीट झालं तर त्या बिल्डरच्या बाकीच्या बिल्डिंगही आम्हालाच मिळणार होत्या.

टेरेसवर वारा सुटला होता. मी नेहमीसारखा दोर हातातून सरकवत तपासत होतो. एका जागी तो कडक लागला. चपटा. म्हणजे आतून खराब झालेला.

प्रमोदला दाखवला. प्रमोद आमचा सुपरवायझर, अंकलच्या काळापासूनचा.

"वरच्या टोकाला आहे रे. तेवढं सोडून बांधू. आजच्या दिवस चालेल."

बाय मागेच उभी होती. तिने दोर हातात घेतला, मग दुसराही चाचपला. म्हणाली, "नवे दोर येईपर्यंत काम बंद."

टेरेसवर आलेला एजंट हसला. "तुम्ही बंद ठेवा ना. माझी दुसरी पोरं खाली उभी आहेत. तुमचेच दोर भाड्याने घेतो, बोला."

मी वाकून पाहिलं. खरंच उभी होती. हार्नेस घालून.

प्रमोद बायच्या समोर गेला. "बाय, हे काम गेलं तर आपण संपलो. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"घरचे हप्ते थांबत नाहीत, बाय."

ती माझ्याकडे वळली.

"संजू, तू उतरशील यावर?"

मुलीची शाळा डोळ्यांसमोर आली. बायको तेव्हा घरीच बसली होती, तिचंही काम सुटलेलं.

"उतरेन," मी म्हणालो.

बाय माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुढे केला.

"चाकू दे."

मला वाटलं, खराब तुकडा काढतेय. मी पट्ट्याचा चाकू काढून दिला.

ती खाली बसली. दोर गुडघ्यावर घेतला आणि मधोमध कापायला लागली. मग उरलेला अर्धा. मग दुसरा दोर.

असा दोर झटकन कापला जात नाही. करवतीसारखा चाकू चालवावा लागतो. प्रमोद ओरडला, "पागल झालीस का!" एजंटने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. तिच्या अंगठ्यातून रक्त यायला लागलं, तरी तिने मान वर केली नाही.

तिचा हात धरायला आमच्यापैकी कोणी पुढे झालं नाही.

लिफ्ट सुरू झालेली नव्हती. जिना उतरताना मी चिडून म्हणालो, "बाय, मी तर हो म्हणालो होतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "तू नाही म्हणाला असतास तर मला एवढी भीती वाटली नसती."

काम गेलं. एजंटचा व्हिडिओ धंद्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. वेडी बाई म्हणून. उंचीचं काम परत कोणी दिलं नाही. पोरं पांगली. प्रमोद ठाण्याच्या एजन्सीत लागला आणि बायशी बोलणं तोडलं. दोर अजून आरामात चालला असता, असं तो सगळ्यांना सांगायचा.

असेलही. मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही.

मी भाड्याची रिक्षा चालवायला घेतली.

मग एक दिवस बायचा फोन. राजोडीला समुद्रकिनारी वीकेंडची गर्दी परत सुरू झाली होती. खाऱ्या वाऱ्याने कॉटेजच्या काचा आठवड्यात आंधळ्या होतात. "शिडी घेऊन ये," म्हणाली. "शिडी पुरेल तेवढंच काम घ्यायचं."

तेव्हापासून आम्ही तेच करतोय. कॉटेज, शाळा, चर्च, दुकानं. श्रीमंत कोणी झालं नाही. ओढूनताणून घर चालतं. बाय स्वतः बादली उचलायची, ओरडलो तरी ऐकायची नाही.

मघाशी प्रमोदचा फोन आला. इतक्या वर्षांनी.

"किती वाजता आहे?"

"चारला. आधी चर्चमध्ये मिस्सा, मग दफन."

त्याने वेळ परत एकदा विचारून घेतली.

"संजू... खांदा द्यायला घेतील का रे मला? तिच्या भावाला विचार ना."

मी विचारलं. ते म्हणाले, "विचारायचं काय त्यात? ये म्हणावं लवकर."

तो निघालाय.

बाय, सुखाने जा. अंकलना आमचा नमस्कार सांग. तुझ्या सगळ्या पोरांकडून तुला भरल्या मनाने निरोप.