शंभर वर्षांची पुडी

आमच्या ह्यांच्या घरात पन्नाशी कुणी बघितली नव्हती. सासरे गेले, थोरले दीर गेले, दोघंही पंचेचाळिशीच्या आसपास. हे सरकारी ऑफिसात ड्रायव्हर, बदलीवर चंडीगढला आलेले. बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट असंल. अठ्ठेचाळिसावं लागलं तसं जेवताना ह्यांचं बोलणं कमी झालं. कशाचं भ्या आहे ते मला कळायचं.

ऑफिसातल्या कुणीतरी डेराबस्सीच्या रस्त्याला तंबू टाकून बसलेल्या वैद्याकडं नेलं. ह्यांचे गुडघे दुखायचे, त्याचंही औषध आणि आयुष्य वाढायचंही. रोज एक पुडी दुधातनं. ‘सौ साल पक्के,’ म्हणाला म्हणे.

दुसऱ्याच दिवशी हे जिना धावत चढले. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चौथी शिकलेली, पण जन्म चुलीपुढं गेला. तूप खा नाहीतर डिंक खा, अंगाला लागायला महिने जातात. एका रात्रीत लागतं ते खाणं नव्हे.

तीन-चार महिन्यांत तोंड गोल, गाल लाल. शेजारची पंजाबीण म्हणायची, “बहेनजी, भाईसाब तो सेब हो गए. हमारे वाले को भी दिलवाओ.” मला हसू यायचं नाही. ह्यांचे कपडे मीच धुवायचे. शर्टाचं गळ्याचं बटण लागेना, आणि घड्याळाचा पट्टा मात्र दोन भोकं आत गेलेला. माणूस सुधारतो तो असा अर्धाच सुधारतो होय?

मी बोलले तर हे म्हणाले, “तुला माझं जगणं बघवत नाही का?” मग एका दुपारी डब्यातल्या सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या. त्याच कागदांत भाजक्या डाळीचं पीठ नि थोडी सुंठ बांधून ठेवली.

चौथ्या दिवशी ह्यांना उलट्या लागल्या. उठवेना, हातपाय गार. पंजाबिणीच्या नवऱ्यानं मोठ्या दवाखान्यात पोचवलं. तिथं एक डॉक्टर आपल्याकडचे निघाले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे काय घेत होते. मी सगळं सांगितलं, सुंठीसकट.

“वहिनी, तुमचा संशय खरा होता. असल्या पुडीत दुखणं दाबणारं कडक औषध मिसळलेलं असतं, अंगाला त्याची सवय लागते. पण ते एकदम तोडलं की माणूस जातो. हळूहळू उतरवावं लागतं. आधी विचारायचं होतं.”

त्यांनी त्याच जातीचं औषध मापानं दिलं, कमी कमी करत काही महिन्यांनी सोडवलं. ह्यांना वैद्याचं तेवढं सांगितलं, माझं नाही. मीही सांगितलं नाही.

पन्नाशी पुरी झाली त्या दिवशी हे माझ्या समोर जेवायला बसले होते. खाली बघतच म्हणाले, “पुड्या तू बदलल्या होत्यास ना? सुंठ लागली होती जिभेला.”

“मग गप का घेतलं?”

“तुझ्या हातची दिसली. त्यात काय संशय घ्यायचा.”

मी तव्याकडं वळले. भाकरी एका बाजूनं करपली होती. ती मी माझ्या ताटात घेतली.