बासष्ट ओळींचं बाळंतपण

आमच्या दुसऱ्या बाळंतपणाची मी एक्सेल शीट केली होती. ओळी बासष्ट. काम, जबाबदारी, मुदत, सद्यस्थिती. तेव्हा मी हिंजवडीत प्रोजेक्ट लीड होतो आणि काळजी करायची दुसरी पद्धत मला येत नव्हती. जबाबदारीच्या रकान्यात एकसष्ट वेळा माझं नाव होतं. ‘प्रसूती’ या ओळीपुढे तेवढं, मोठ्या मनाने, बायकोचं लिहिलं होतं.

पहिल्या वेळचं हॉस्पिटलही मीच निवडलं होतं. लॉबीत माशांची भलीमोठी पेटी होती. बायकोला त्या दिवसाचं एवढंच आठवायचं की तिला उताणं झोपवलं, सलाइन लावलं, कोण कोण येऊन तपासून गेलं, आणि काय चाललंय ते तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी बाहेर मासे बघत होतो. या वेळी तिने मिडवाइफ शोधली आणि मला एवढंच सांगितलं, “मला विचारल्याशिवाय काही व्हायला नको.”

मिडवाइफ म्हणजे सुईण, इथे माझं ज्ञान संपत होतं. या ताई मात्र रीतसर शिकलेल्या नर्स, खडकीत वाढलेल्या. त्यांच्या प्रसूतिकेंद्राच्या वरच्याच मजल्यावर डॉक्टरीणबाई आणि ऑपरेशन थिएटर. तरी मी त्यांची मुलाखत घेतलीच, नव्या भरतीची घ्यायचो तशी. आजवर किती बाळंतपणं केलीत, असं विचारलं.

“दोन,” त्या म्हणाल्या. “माझी स्वतःची. बाकीची ज्यांची त्यांनी केली, मी सोबत होते.”

मग मी शीट पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि बायकोकडे सरकवून यातलं तिला काय हवंय ते विचारलं. बायकोने साठ ओळी खोडल्या. पुढे दर भेटीला त्या तासभर बसत. झोप, जेवण, भीती, सगळं विचारत. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, ते तिलाच चाचपून बघायला लावत. पहिल्या खेपेला नऊ महिन्यांत मिळून तासभर कुणी आमच्याशी बोललं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी कळा सुरू झाल्या आणि आम्ही ताईंच्या केंद्रावर पोहोचलो. मी स्टॉपवॉच घेऊन उशाशी. “पाच मिनिटं दहा सेकंद. मागच्यापेक्षा वीस जास्त,” असं स्टेशनवरच्या घोषणेसारखं सांगत राहिलो. दुपारपर्यंत कळा मंदावल्या. कंबर मात्र फुटत होती. मी निर्णय जाहीर केला की आता वर डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं, आणि जिन्याकडे निघालोही. वळून पाहिलं तर बायकोचा चेहरा पहिल्या वेळी आत नेताना होता, अगदी तसा झालेला.

ताईंनी पोट चाचपलं, ठोके ऐकले आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलल्या. बाळ छान आहे. त्याची पाठ तुमच्या पाठीकडे आहे, त्याला वळायला जागा हवी. वर जायची गरज पडली तर मी सांगेन आणि बरोबर येईन. आत्ता काय करायचं?

“थांबूया,” बायको म्हणाली.

“आणि साहेब,” ताई माझ्याकडे वळल्या, “ते घड्याळ बाहेर ठेवून या. सामना त्यांचा आहे, कॉमेंट्री नको.”

नंतरचे दोन तास मी खांब होतो. बायको माझ्या गळ्याला लटकायची, ताई मागून कंबर दाबायच्या, आणि कळ ओसरली की आम्ही तिघं जिना आडव्या पावलांनी चढायचो. ताई फारसं काही करत नव्हत्या, असं मला वाटत होतं. मग त्या पाठमोऱ्या हात धूत असताना बायको कण्हली. मला ते आधीच्यासारखंच वाटलं. ताई मान न वळवता म्हणाल्या, “वळलं बरं का.” नुसत्या आवाजावरून. वीस जणांची टीम सांभाळत होतो मी. असं ऐकणं मला कधी जमलं नव्हतं.

अर्ध्या तासात बायको गुडघ्यांवर होती. ताईंनी विचारलं, बाळाच्या डोक्याला हात लावून बघायचाय? तिने लावला, आणि हसली. त्या अवस्थेत माणूस हसू शकतं हे मला माहीत नव्हतं. मुलीला तिनेच हातांत घेतलं, छातीशी धरलं. घड्याळ बाहेर होतं, नाहीतर मी वेळ सांगितली असती.

नाळ कापायचा मान माझा. कात्री हातात आल्याबरोबर मी पुढे झालो.

“थांब,” बायको म्हणाली. नाळेला तिची दोन बोटं लावलेली होती. “अजून ठोके लागतायत.”

मी ताईंकडे बघितलं. ताई तिच्याकडे बघत होत्या. तिने मान हलवेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.