‘कामगार’ नावाची पट्टी

माझी थोरली बहीण शकुंतला, आमची शकूअक्का, सोलापुरातल्या एका गिरणीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. तिथं नंबर फिरवायची भानगड नव्हती. फोन उचलायचा आणि सांगायचं, "बाई, रंगखातं द्या." बोर्डाच्या प्रत्येक भोकाखाली अक्कानं कागदाची पट्टी चिकटवली होती: गेट, रंगखातं, साहेब, कामगार. ‘कामगार’ म्हणजे युनियनची खोली. भोकांना नंबर होते, पण दुरुस्ती झाली की कुठली तार कुठल्या भोकात येईल याचा नेम नसायचा. म्हणून ती नावावरच चालायची.

तारा बोर्डाच्या मागे, आणि मागे लाइनमन एकनाथ. तो तिकडून ओरडायचा, "ताई, गेट तिसऱ्यात घातलंय," की ही पुढून पट्टी हलवायची. मागे जाऊन तिनं कधी पाहिलं नाही. दर भाऊबीजेला त्याला ओवाळायची, मग तपासायचं कशाला? मला त्याचं गोड बोलणं तेव्हाही आवडायचं नाही, पण माझं ऐकतो कोण.

चौऱ्याहत्तर साली संपाचं वारं आलं. युनियनचं काम दुधनीचा गुरप्पा बघायचा. त्यानं अक्काच्या खिडकीशी येऊन विचारलं, "बाई, आमचं बोलणं साहेबाकडं जात न्हाय न्हवं?"

"पट्टीवर जे नाव, तिथंच तार जाते," अक्का म्हणाली. "शब्द देते."

पुढच्याच आठवड्यात फोनवर ठरलेली गेटसभा साहेबांना आधीच कळली. सभा व्हायच्या आत गुरप्पाला कामावरून काढलं. तो तणतणत खिडकीशी आला. "साहेबाला तुमीच सांगितलं की!"

अक्का भडकली. "तुमची खोली आत्ता कुलपात आहे ना? मी घंटी देते. कोण उचलतंय ते तुम्हीच ऐका." तिनं हेडफोन त्याच्या हातात दिला आणि ‘कामगार’च्या भोकात पिन घातली.

खट्ट. कोणीतरी उचललं. बोललं कोणीच नाही, नुसता साहेबांचा खोकला आला. शेजारीच साहेबांची खोली; तोच खोकला मधल्या फळीच्या भिंतीतूनही आला.

गुरप्पानं हेडफोन खाली ठेवला. "शब्द दिलता तुमी, बाई," एवढंच म्हणाला आणि गेला. पुन्हा तो तिच्याशी कधी बोलला नाही.

अक्का पहिल्यांदाच बोर्डाच्या मागे गेली. ‘कामगार’च्या तारेला दुसरी तार जोडलेली होती. एकनाथ तिथंच पेटीत पकडी भरत होता.

"साहेबानं सांगितलं, ताई," तो खाली बघत म्हणाला. "तुमाला भिंतीतनं ऐकू येऊ नये म्हून त्येंच्या फोनच्या घंटीत कापूस बी मीच कोंबला. नोकरी हाय की माझी."

"निदान मला पट्टी तरी बदलू द्यायची होतीस," अक्का म्हणाली.

गिरणीभर चुगलखोर ठरली ती अक्का, आणि तो उजळ माथ्यानं फिरत राहिला. माझा अजून जळफळाट होतो. सात रस्त्याच्या चौकात ओळखीच्या बायका तिला बघून रस्ता ओलांडायच्या.

आणि निर्लज्जासारखा त्या भाऊबीजेलाही तो आला. दारात चप्पल काढून हाक मारली, "ताई, भाऊ आलाय."

अक्का रिकाम्या हातांनी बाहेर गेली. "त्या नावाची पट्टी मी काढली, एकनाथ," म्हणाली आणि दार लावलं.

आत येऊन ती पाट उचलायला लागली. तो तिनं सकाळीच मांडून ठेवला होता.