एक वीट आणि अख्खी भिंत

भावाची मुलगी कळवणहून एम.एस्सी.ला आली ती माझ्याकडेच राहिली. मखमलाबादला आमची थोडी भाजी, त्यामुळे तिच्या वाट्याला अभ्यासाबरोबर कोथिंबिरीच्या जुड्याही आल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण रद्दीतला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तिच्या वह्याही उघडून बघायची. तिला ते आवडायचं नाही.

शेवटच्या वर्षी तिला एका विषयावर सगळ्यांसमोर बोलायचं होतं. बाहेरगावचे परीक्षक येणार होते. पोरगी हुशार, पण आदल्या खेपेला कुणी मधेच प्रश्न विचारला आणि ही रडत खाली बसली. पुन्हा तसं झालं तर शिक्षण सोडून घरी जाईन, असं मला सांगून मोकळी झाली होती. मी म्हटलं, जुड्या बांधता बांधता मला सांग. मला समजलं तर कुणालाही समजेल.

विषय काय, तर कातडीतला काळा रंग. तो म्हणे बारीक रेणूंच्या विटा जोडून झालेला असतो. शास्त्रज्ञ त्यातली एक वीट सुटी करतात, तिच्यावर उन्हातला डोळ्याला न दिसणारा, कातडी जाळणारा प्रकाश पाडतात आणि ती काय करते ते बघतात. मी म्हटलं, कळलं, दिंडोरीकडे द्राक्षाच्या घडांना कागद गुंडाळतात तसंच. तसं नाही आत्या, ती म्हणाली. कागद ऊन अडवतो, वीट ते गिळते आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी त्याची ऊब करून टाकते. तिच्या कडेचा हायड्रोजनचा कण क्षणात जागा सोडतो आणि त्यात सगळा जोर उतरतो. मी म्हटलं, तव्यावरची भाकरी चटका बसायच्या आत आपण या हातातून त्या हातात टाकतो, तसंच की. माझं हे बोलणं तिने वहीत लिहून घेतलं.

"म्हणजे माझ्याकडे विटांचं गोदामच आहे," मी रापलेला हात पुढे केला. ती पोट धरून हसली. आणि तिथेच मी घोळ घातला. "पण अगं, हे एका विटेचं झालं. हजारो विटा चिकटल्यावर भिंतही तशीच वागते का?"

तिचा चेहरा उतरला. दोन दिवस लायब्ररीत बसून आली आणि म्हणाली, विटा नेमक्या कशा रचल्यात हेच अजून कुणाला नीट ठाऊक नाही.

"परीक्षकांनी हेच विचारलं तर?"

"तर हेच सांग. बाजारात कुणी विचारलेलं आपल्याला ठाऊक नसलं तर मी रडते का?"

"तू रडत नाहीस आत्या, थापा मारतेस."

खोटं नव्हतं ते.

परीक्षक आले त्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. मेथी मागणाऱ्या बाईला मी शेपू दिला. संध्याकाळी ही आली ती जेवायला वाढ म्हणतच. भाकरीचं ऐकून परीक्षक हसले म्हणे, आणि मग चष्मा वर सारून त्यांनी नेमका भिंतीचाच प्रश्न काढला.

"आधी वाटलं, झालं, पुन्हा तेच," ती म्हणाली, "पण सांगितलं, सर, हे अजून पक्कं कुणालाच माहीत नाही. का माहीत नाही तेही सांगितलं. बसले नाही खाली."

वर जेवता जेवता मला विचारते, पुढे याच भिंतीवर काम करायचं तर किती वर्षं तुझ्याकडे राहू. मी उठले आणि भावाला फोन लावला, पोरगी इतक्यात काही घरी येत नाही म्हणून.